बोंबलांच्या गावाला

दोस्तांनो, तोरण म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? दारावरची आंब्याची पानं आणि झेंडूची फुलं, हो ना? आज मी तुम्हाला अशा गावाला नेणार आहे, जिथे माशांची तोरणं असतात. एक-दोन नव्हे, शेकडो! ती दारावर नसतात बरं का. समुद्रकाठच्या वाळूत बांबू रोवलेले असतात, बांबूंना दोऱ्या बांधलेल्या असतात आणि त्या दोऱ्यांवर ही तोरणं वाऱ्याने डुलत असतात.

गावाचं नाव अर्नाळा. आणि मासा कोणता? बोंबील!

आता तुमच्यापैकी काही जणांनी नाक मुरडलं असेल. मुरडा, मुरडा! एकदा मीही मुरडलं होतं. पण त्याची मला अजून लाज वाटते. म्हणून आधी ती गोष्ट सांगते, मग आपण अर्नाळ्याला जाऊ.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. वसई तालुक्यातल्या एका शाळेत मी नवीन आले होते आणि माझ्याकडे चौथीचा वर्ग होता. शाळेत दुपारची खिचडी असते, पण बरीच मुलं घरून डबाही आणतात. वर्गात एक मुलगी होती. तिचं नाव सांगत नाही, तिला आवडणार नाही. एके दिवशी मधल्या सुट्टीत तिने डबा उघडला आणि वर्गात एकच गलका झाला. "बाई, वास! बाई, हिला बाहेर बसवा!"

डब्यात तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी होती. मी काय करायला हवं होतं? मुलांना गप्प करायला हवं होतं. पण मी म्हणाले, "तू जरा व्हरांड्यात बसून खा. आणि उद्यापासून दुसरं काहीतरी आणत जा."

ती काही बोलली नाही. व्हरांड्यात जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी तिने डबाच आणला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. खिचडीच्या रांगेतही उभी राहिली नाही. सुट्टीभर नळाजवळ नुसती उभी असायची. चौथ्या दिवशी तिची आजी शाळेत आली. मला वाटलं, आता ही मला चांगलीच फैलावर घेणार. पण आजी भांडली नाही. एवढंच म्हणाली, "बाई, रविवारी आमच्याकडे या. वास कुठून येतो ते बघून जा."

आणि मी गेले.

चला तर, निघू या! पश्चिम रेल्वेच्या गाडीने विरारला उतरायचं आणि स्टेशनच्या पश्चिमेला यायचं. तिथून अर्नाळ्याची बस मिळते. रस्ता साधारण दहा किलोमीटरचा. थोड्याच वेळात इमारती मागे पडतात आणि दोन्ही बाजूंना वाड्या लागतात. केळी, नारळ, फुलांची शेती. मग आगाशी येतं. इथली 'सुकेळी' तुम्ही कधी खाल्ली आहेत का? राजेळी जातीची पिकलेली केळी सोलून उन्हात वाळवतात. पाणी उडून जातं आणि गोडी तेवढी आत राहते. महिनोन्‌महिने टिकतात. ही सुकेळी लक्षात ठेवा हं! पुढे त्यांचं काम पडणार आहे.

आगाशीनंतर हवेत खारट ओलावा जाणवू लागतो. सुरूची झाडं दिसतात आणि त्यांच्यामागे समुद्र! इथे वैतरणा नदी समुद्राला मिळते. समोरच्या बेटावर अर्नाळ्याचा किल्ला आहे. होडीने थोड्याच वेळात तिथे पोहोचता येतं. मराठ्यांनी 1737 साली हे बेट पोर्तुगीजांकडून घेतलं आणि तिथे आजचा भक्कम किल्ला उभा केला. किल्ल्याबाहेर बेटावरही कोळ्यांची वस्ती आहे. किल्ला जरूर पाहा. पण आज आपलं काम काठावर आहे.

मी पोहोचले तेव्हा जानेवारीतली सकाळ होती. आजी माझी वाटच पाहत होती. तिने मला थेट बांबूंच्या मांडवापाशी नेलं. या मांडवाला 'वलांडी' म्हणतात. माणसाच्या उंचीहून वर दोऱ्या ताणलेल्या, एकीखाली एक. आणि त्यांच्यावर जोडी-जोडीने टांगलेले बोंबील! एक जोडी या बाजूला, दुसरी त्या बाजूला असं नव्हे. जोडीतला एक मासा दोरीच्या अलीकडे आणि दुसरा पलीकडे.

"हे बांधले कशाने?" मी विचारलं. मला कुठे गाठ दिसेना की सुतळी दिसेना.

आजी हसली. तिने टोपलीतून दोन ओले बोंबील उचलले. बोंबलाचं तोंड केवढं मोठं असतं म्हणून सांगू! डोक्याच्या मानाने जबडा भलताच रुंद आणि त्यात आतल्या बाजूला वळलेले बारीक, टोकदार दात. आजीने एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवला आणि जोडी दोरीवर टाकली. झालं! माशाच्या दातांचीच आकडी. आजीचे हात एवढे भराभर चालत होते की मला मोजताही येईना. मीही प्रयत्न केला. पहिला बोंबील हातातून सटकला, दुसऱ्याचे दात बोटाला लागले. शेजारच्या बायका पदराआड हसू लागल्या.

आता एक कबुली देते. ओला बोंबील मी तोवर हातात घेतलाच नव्हता. मी घाटावरची. आमच्या गावी बोंबील म्हणजे करकरीत वाळलेली काडी! आणि हा ओला बोंबील म्हणजे काय, तर हातात धरला की थुलथुलीत, जवळजवळ जेलीसारखा. अंग पांढरट-करडं, काटा अगदी मऊ.

"बाई, हा मासा नाही, पाणी आहे पाणी!" आजी म्हणाली. "दहा किलो टांगले तर दीड किलोसुद्धा हाताला लागत नाहीत."

आजीचं म्हणणं अगदी शास्त्राला धरून आहे बरं का! ओल्या बोंबलाच्या वजनात जवळजवळ नऊ भाग पाणीच असतं. म्हणून तो लवकर नासतो. सकाळी पकडलेला बोंबील त्याच दिवशी विकला गेला पाहिजे, नाहीतर वलांडीवर चढला पाहिजे.

हा बोंबील सापडतो कसा, तेही आजीच्या मुलाने मला सांगितलं. तो होडीवर तांडेल आहे. बोंबलासाठी वापरतात ते 'डोल' जाळं. एका टोकाला भलंमोठं तोंड आणि दुसऱ्या टोकाला निमुळती होत गेलेली लांब पिशवी. हे जाळं होडीमागून ओढत नेत नाहीत. ते समुद्रात एका जागी पक्कं बांधतात, तोंड प्रवाहाकडे करून. भरती-ओहोटीच्या जोराच्या प्रवाहाबरोबर मासे आपोआप पिशवीत शिरतात. प्रवाह उलटा फिरायच्या आत जाळं वर घ्यावं लागतं. म्हणून तांडेलाचं घड्याळ चंद्रावर चालतं. भरती मध्यरात्री असो की पहाटे, त्या वेळेला निघावंच लागतं.

आणि गंमत म्हणजे बोंबील काही सगळ्या समुद्रात मिळत नाही. आपल्या किनाऱ्यावर तो गुजरातपासून रत्नागिरीच्या आसपासपर्यंत भरपूर मिळतो. त्याच्या खाली दक्षिणेला फारसा नाही. मग एकदम पलीकडच्या बंगालच्या उपसागरात पुन्हा दिसतो. बंगाली लोक त्याला 'लोटे' म्हणतात. इंग्रज तर त्याला चक्क 'बॉम्बे डक', म्हणजे मुंबईचं बदक म्हणू लागले! तुम्ही ऐकलं असेल की आगगाडीच्या डाकेबरोबर बोंबील जायचा, म्हणून 'बॉम्बे डाक'वरून हे नाव पडलं. गोष्ट मजेदार आहे, पण खरी नाही. आपली पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला धावली 1853 साली, आणि हे नाव त्याच्या आधीच छापलेलं सापडतं. एखादी गोष्ट पटकन पटली की तारीख तपासायची, ही सवय लावून घ्या!

उन्हं वर आली तशी आजी मला वलांडीच्या दुसऱ्या टोकाला घेऊन गेली. तिथे दोन-तीन दिवस वाळलेले बोंबील होते. आक्रसून बारीक झालेले, पिवळसर. वाऱ्याने एकमेकांवर आपटून खडखड वाजत होते. आजीने एक काढून माझ्या हातात दिला. मी तो नाकाशी नेला आणि काय सांगू तुम्हाला! एकदम माझं गावच डोळ्यांसमोर आलं.

आमच्याकडे आठवडी बाजार भरायचा. माझी आजी बाजारातून मीठ, मिरच्या, गूळ आणि कागदाच्या पुडीत सुके बोंबील आणायची. पावसाळ्यात भाजी मिळायची नाही. तेव्हा आजी चुलीच्या निखाऱ्यावर बोंबील भाजायची, लसूण-मिरचीबरोबर पाट्यावर रगडायची आणि बाजरीच्या भाकरीवर ठेवायची. आम्ही पाच भावंडं. डाळही रोज नसायची. आमच्या अंगाला जे काही लागलं, त्यात त्या पुडीचा वाटा मोठा होता. समुद्र आम्ही कुणी पाहिला नव्हता, पण समुद्र आमच्या ताटात यायचा!

आणि पुढे मी काय केलं? डी.एड.ला वसतिगृहात गेले, तेव्हा आजीने हीच चटणी बरणीत भरून दिली होती. मैत्रिणी हसतील म्हणून मी ती पेटीत कपड्यांखाली लपवली. एकदाही न उघडता सुट्टीत तशीच परत नेली. आजीने बरणी पाहिली, पण काही विचारलं नाही. जिने स्वतः बरणी लपवली, तिनेच पुढे एका मुलीला डबा घेऊन व्हरांड्यात पाठवलं. पाहिलंत ना, लाज कशी एकाकडून दुसऱ्याकडे जाते ती!

मी आजीला विचारलं, "एवढ्या माशांमध्ये बोंबीलच इतका का वाळवतात? बांगडा असा का टांगत नाहीत?"

"बांगड्याला तेल असतं बाई. त्याला मीठ घालून खारवावं लागतं. नुसता टांगला तर खवट होतो. बोंबलाला तेलच नाही, मग खवट काय होणार?"

वा! हे उत्तर मी परीक्षेत पैकीच्या पैकी गुण देण्यासारखं होतं. बांगडा, तारली हे तेलकट मासे. त्यांच्या मांसातच चरबी साठलेली असते. ही चरबी आपल्या हृदयाला आणि मेंदूला चांगली, पण हवा आणि ऊन लागलं की ती लवकर खवट होते. बोंबील मात्र सडसडीत गडी. ओल्या बोंबलाच्या 100 ग्रॅममध्ये जेमतेम एक-दोन ग्रॅम चरबी. म्हणून तो नुसत्या उन्हावाऱ्यावर, मिठाशिवायही वाळतो. कमी चरबी म्हणून वाळतो, वाळतो म्हणून टिकतो, आणि टिकतो म्हणून घाट चढून माझ्या आजीच्या पुडीत येतो. आठवली ना आगाशीची सुकेळी? तोच न्याय!

आणि तो वास? समुद्रातल्या माशांच्या अंगात एक पदार्थ असतो. खाऱ्या पाण्यात जगायला तो त्यांना मदत करतो. मासा मेल्यावर सूक्ष्मजीव त्याच पदार्थाचं रूप बदलतात आणि तो वास तयार होतो. म्हणजे त्यात लाजण्यासारखं काही नाही. ती समुद्राची खूण आहे.

सोमवारी मी शाळेत गेले ती पिशवीत एक किलो ओले बोंबील घेऊन! मुख्याध्यापकांनी नाकाला रुमाल लावला, पण परवानगी दिली. मी वर्गात सगळ्यांसमोर त्या मुलीला म्हणाले, "त्या दिवशी माझी चूक झाली. तुला बाहेर बसवायला नको होतं." वर्ग चिडीचूप. मग म्हणाले, "आता तू आम्हाला शिकव."

आम्ही व्हरांड्यात दोरी बांधली. हो, त्याच व्हरांड्यात! तिने जबड्यात जबडा अडकवून दाखवला. ज्या मुलांनी सर्वांत मोठ्याने "वास, वास" केलं होतं, तीच आता "बाई, मी! बाई, मी!" करत पुढे आली. कावळ्यांपासून राखण करायला पाळ्या लावल्या. रोज तराजूवर वजन करायचं आणि तिने फळ्यावर लिहायचं. पहिल्या दिवशी 1000 ग्रॅम. मग आकडा रोज घसरत गेला. शेवटी कडकडीत वाळल्यावर वजन भरलं 140 ग्रॅम. म्हणजे 860 ग्रॅम पाणी हवेत गेलं!

मग आम्ही गणित केलं. तुम्हीही करा. ओल्या बोंबलात 100 ग्रॅममागे आठ-नऊ ग्रॅम प्रथिनं असतात. सुक्यात साधारण 60 ग्रॅम. मग प्रथिनं वाढली का? नाही! प्रथिनं तेवढीच राहिली, फक्त पाणी गेलं. एक किलो ओल्यातली जवळजवळ सगळी प्रथिनं त्या 140 ग्रॅमच्या मूठभर काड्यांत मावली.

आता तुलना पाहा. 100 ग्रॅम तूरडाळीत सुमारे 22 ग्रॅम प्रथिनं असतात. एका अंड्यात सुमारे सहा. पण हिशेब प्रामाणिक हवा. एका वेळी 100 ग्रॅम सुके बोंबील कोण खाणार? चार-पाच काड्या म्हणजे साधारण 25 ग्रॅम धरा. त्यातून 15 ग्रॅम प्रथिनं मिळतात, म्हणजे दोन अंड्यांहून थोडी जास्त. दहा-बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला साधारण 32 ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे जवळजवळ निम्मी! शिवाय बोंबलाचा मऊ काटा चटणीत कुटला जातो आणि काट्यातलं कॅल्शियम आपल्या हाडांना मिळतं. उंची वाढवणारं, स्नायू बांधणारं हे अन्न त्या छोट्याशा डब्यात होतं, आणि मी त्यालाच बाहेर काढलं होतं.

अर्थात, म्हणून सगळ्यांनी बोंबील खायलाच हवेत असं मुळीच नाही. तुमच्यापैकी कित्येकजण मासे खात नसतील. तुमच्यासाठी डाळी, उसळी, शेंगदाणे, दूध आहेच. आणि जे खातात त्यांनीही सुका बोंबील आधी नीट निवडून, डोकं-शेपूट काढून, धुऊन मगच शिजवायचा किंवा भाजायचा. खारवलेल्या माशांत मीठ खूप असतं, ते बेतानेच खायचे. पण दुसऱ्याच्या डब्याला नाक मुरडायचं नाही. एवढा एकच नियम आमच्या वर्गाने त्या आठवड्यात फळ्याच्या कोपऱ्यात लिहिला. वर्षभर तो पुसला नाही.

त्यानंतर मी अर्नाळ्याला अनेकदा गेले. आजी आता काळजीत असते. अवकाळी पाऊस आला की वलांडीवरचा माल एका रात्रीत भिजतो, बुरसतो आणि फेकून द्यावा लागतो. वाळवायला मोकळी जागाही पूर्वीएवढी राहिलेली नाही, असं ती सांगते. जाळ्यात लहान पिल्लं आली की तिचा मुलगा हळहळतो. "पोर मारली तर पुढच्या वर्षी काय टांगणार?" म्हणून तर 1 जून ते 31 जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत वलांड्या रिकाम्या असतात. नुसते बांबू पावसात भिजत उभे असतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहतात आणि मग पुन्हा हळूहळू तोरणं लागू लागतात.

2023 साली आपल्या राज्याने पापलेटला राज्यमासा म्हणून मान दिला. दिसायला देखणा, चंदेरी, महागडा! त्याला मान मिळाला, छानच झालं. पण आमच्या वर्गात मतदान घेतलं असतं, तर कोण निवडून आला असता ते तुम्ही ओळखलंच असेल.

आणि ती मुलगी? दुसऱ्या आठवड्यात ती पुन्हा डबा आणू लागली. एकदा मधल्या सुट्टीत माझ्या टेबलाशी आली आणि झाकणावर थोडी चटणी ठेवून म्हणाली, "बाई, आजीने तुमच्यासाठी दिलीय." मी ती भाकरीबरोबर खाल्ली. सगळ्यांच्या देखत, वर्गात बसून. चव अगदी माझ्या आजीच्या चटणीसारखी होती.

हिवाळ्यात सकाळी लवकर निघालात, तर अर्नाळ्याला तुम्हाला वलांड्या भरलेल्या दिसतील. काम करणाऱ्या मावशांना विचारल्याशिवाय तोरणांना हात लावू नका. विचारलंत तर त्या दोन बोंबील हातात देतील आणि म्हणतील, "अडकव बघू!" पण बोटं सांभाळा हं!